हिलमनची मागची काच

१

काचीगुड्याच्या त्या घरातून हिलमन मोटार बाहेर काढायची, तर बसण्याचा क्रम ठरलेला असे. सासूबाई मालनबाईंना मागं बसलं की मळमळायचं, म्हणून पुढच्या लांब सीटवर सासरे, सासू आणि गाडी चालवणारा मुलगा. सून मागं एकटी. त्रिवेणी पदर सावरून बसली की हातातल्या बांगड्या शेजारच्या काचेवर दोनदा वाजवायची. टिक टिक. म्हणजे, निघा. सासरे एकनाथराव वकील कडक होते. त्यांच्यादेखत सुनेनं नवऱ्याला तोंडानं 'चला' म्हणायची सोय नव्हती, त्यातून ही खूण पडली. पुढं सासरे गेले, खूण राहिली. तिच्या नवऱ्याच्या, शशिकांतच्या तर ती अशी अंगवळणी पडली होती, की बांगड्या वाजल्याशिवाय त्याचा पाय क्लचवर जायचा नाही.

साल चौऱ्याण्णव. गच्च्यांवरून डिशच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या दारात मारुती येत होती. श्रावण सरताना शशिकांतच्याही दारात पांढरी मारुती आली. आकाशी रंगाची हिलमन स्वयंपाकघराला लागून असलेल्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. सिकंदराबादचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन ती नेणार होता. पण शौकीन लोकांचं सगळंच सावकाश असतं. आज नेतो, उद्या नेतो, करत भाद्रपद उजाडला.

गणपती उठले आणि त्रिवेणीनं अंथरूण धरलं. ताप हटेना, औषध लागू पडेना. एका संध्याकाळी तिचे हातपाय गार पडले. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, सकाळपर्यंत बघू. शशिकांत रात्रभर तिचा हात चोळत बसला होता. आणि सकाळी ती उठून बसली, केस बांधले आणि चहा मागितला. घरात जणू दिवाळी आली. मालनबाई मात्र त्या दिवशी देवघरातून बाहेरच आल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसांचा आनंद असाच असतो, असं शशिकांतला वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी खाजामियाँ मेकॅनिक मारुतीचं चाक काढून बसला होता. बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. शेडकडं मान उडवून तो म्हणाला, "पडी सो गाडी की बॅटरी चुपके चुपके मरती साब. वायर निकाल के रख देव."

शशिकांतनं पाना घेतला, बॉनेट उघडलं, नट सैल केला आणि वायर उचलून बाजूला ठेवली. हात पुसत तो स्वयंपाकघरात आला, तर घरभर जळका वास. कढईत मोहरी काळी ठिक्कर पडून धुरावत होती. समोर त्रिवेणी उभी होती, हातात झारा धरून. डोळे उघडे.

"अगं, फोडणी!"

ती हलली नाही. त्यानं झारा काढून घ्यायला तिचा हात धरला, तो बर्फासारखा लागला, आणि ती उभीच्या उभी त्याच्या अंगावर कलली. नाकापाशी बोट धरलं. काही नाही. तिला भिंतीशी टेकवून तो ओरडत अंगणाकडं धावला. दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि मारुतीचं चाक जमिनीवर पडलेलं.

"पुरानी निकालो साब, पुरानी!" खाजामियाँ शेडमध्ये घुसला आणि त्यानं ती वायर बॅटरीवर ठोकून बसवली.

आतून त्रिवेणीचा आवाज आला. "अगंबाई, जळली की ओ ही!"

२

डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, टॉनिक लिहून दिलं. शशिकांत हिशेबी डोक्याचा माणूस. त्यानं मनाशी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. वायर मात्र त्यानं पुन्हा काढली नाही. काय घाई आहे, पुढच्या आठवड्यात काढू, असं तो स्वतःला सांगत राहिला.

त्या आठवड्यात त्रिवेणी मंदावत गेली. दुखत खुपत काहीच नव्हतं. वेणी घालताना हात मध्येच थांबायचे आणि बऱ्याच वेळानं पुन्हा चालू व्हायचे. वाक्य अर्ध्यावर राहायचं. एक साडी घडी घालायला तिला अख्खी दुपार लागली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. "इतक्यात पाच वाजले?" असं म्हणून ती हसली. ते हसूसुद्धा सावकाश आलं.

रविवारी शशिकांतनं हिलमनची किल्ली फिरवली. गाडी नुसतीच घरघरली आणि गप्प झाली. बॅटरी बसली होती. सगळी बटणं बंद होती, तरी छताला असलेल्या छोट्या दिव्यात एक तांबूस तार धुगधुगत होती. त्यानं बटण दोनदा खालीवर केलं. दिव्याला त्याचं काही नव्हतं.

खाजामियाँकडून त्यानं चार्जर आणला, खिडकीतून वायर सोडून जोडला. शेडमध्ये बारीक गुणगुण सुरू झाली. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातही गुणगुण सुरू झाली. त्रिवेणी गाणं म्हणत कणीक मळत होती. चपला दारात काढल्या म्हणून तिनं त्याला झापलं, मालनबाईंच्या पायाला तेल चोळून दिलं, चांगल्या टम्म फुगलेल्या पोळ्या वाढल्या. शशिकांतला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग पोळीचा घास तोंडात असतानाच त्याचं लक्ष शेडमधल्या त्या आवाजाकडं गेलं.

३

माणसाला खरं काय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि कळल्यावर तर मुळीच पडत नाही. शशिकांतनं ठरवलं, एकदा करून बघायचं. आपल्याच बायकोवर असला प्रयोग करायला मन धजेना. पण न करावं, तर डोकं फुटायची पाळी.

त्रिवेणी खाली बसून खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होती. ठक, ठक, ठक. शेडची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, त्यामुळं आवाज अगदी कानाशी यायचा. शशिकांतनं बॉनेट वर केलं. नट आधीच सैल करून ठेवला. ठक, ठक. वायर दोन बोटांत धरली आणि उचलली.

आवाज थांबला.

थांबेलही. दाणे हलवायला थांबली असेल. केसाची बट मागं सारायला थांबली असेल. तो कान देऊन उभा राहिला. स्टेशनात एक गाडी शिरली, तिचे डबे एकामागून एक खडखडत गेले, थांबले. भिंतीपलीकडं काहीच नव्हतं. श्वाससुद्धा नव्हता, आणि तो त्याला एरवीही ऐकू आला नसता, हे त्याचं त्याला कळत होतं. वायर खाली टेकवली.

ठक, ठक, ठक.

जिथं तुटला होता तिथूनच आवाज पुढं चालू झाला. शशिकांत मडगार्डला टेकून खाली बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला. वर पाहिलं तर शेडच्या दारात मालनबाई उभ्या होत्या. त्यांची नजर त्याच्या काळ्या झालेल्या हातांवर होती.

"तारेला हात नको लावू शशी," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक हाय."

४

भालकीच्या माहेरी मालनबाई उतारा करायला शिकल्या होत्या. दुखणं हटत नसलं की भात, नारळ, लिंबू दुखणेकऱ्यावरून उतरवायचं, तिन्हीसांजेला शिवेबाहेरच्या तिठ्यावर नेऊन ठेवायचं, आणि मागं वळून न बघता घरी यायचं. दुखणं तिथंच राहतं. उतारा घरात ठेवायचा नसतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"मग घरात ठेवलास कामून?" शशिकांतला आवाज आवरेना.

"कुठं नेऊ रे?" मालनबाईंनी बाहेरच्या रस्त्याकडं हात केला. "त्या रस्त्यावर पाऊल टाकायची सोय ऱ्हायली का? दोनदा कडेला जाऊन परत फिरले. स्कुटरा, बसा, ऑटो... शीव कुठं हाय आता या गावाला? सगळी घरंच घरं. तिकडं पोरीचे पाय गार पडायले. मग म्हटलं, ही गाडी तर उद्या जाणारच. जाणाऱ्या गाडीत ठेवते, गाडीसंगट जाईल."

"आणि गाडी गेलीच नाही."

"गेलीच नाही," मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मागच्या सीटवर ठेवला होता, फडक्यात बांधून. शशिकांतनं दार उघडलं. फडकं नव्हतं, नारळ नव्हता. भाताची चार वाळलेली शितं होती. आणि सीटचा मऊ भाग उजव्या बाजूला दबलेला होता, माणूस बसल्यावर दबतो तसा. त्यानं तळहातानं दाबून सारखा केला. हात काढल्यावर तो सावकाश पुन्हा खाली गेला. सीट उबदार होती.

आठ-दहा दिवसांत शशिकांतचा चेहरा ओळखू येईना. ऑफिसात बसला तरी चित्त शेडमध्ये. करंट गेला की चार्जर बंद, आणि त्या दिवसांत करंट कधीही जायचा. जुनी बॅटरी धरेना म्हणून नवी आणली. पण नवी बसवायची तर जुनीची वायर काढायला हवी. शेवटी मारुती शेजारी लावून, तिच्या बॅटरीवरून दोन जाड वायरी घेऊन त्यानं मधल्या वेळची सोय केली. तेवढ्यापुरतं आपल्या हुशारीचं त्याला बरंही वाटलं. नवी बॅटरी दोन दिवस पुरली. मग एक दिवस. मग सकाळी भरलेली दुपारी बसायला लागली. खाजामियाँनं सगळ्या वायरी तपासल्या आणि कपाळावरचा घाम पुसला. "करंट कुछ बी नै खा रा साब इसमें. फिर बी कोई तो बी करंट खा रा."

आणि त्रिवेणी? ती अधूनमधून छान असायची, तेच जास्त भयंकर होतं. हसता हसता थांबायची. डोळे उघडे ठेवून थांबायची. शेड फुटेल असं मारुतीचं इंजिन चालू ठेवून शशिकांत धुरात खोकत उभा राहायचा, ते आतून पुढचं हसू ऐकू येईपर्यंत.

दसऱ्याच्या सकाळी मालनबाईंनी दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या आणि म्हणाल्या, "आज शिलंगण. आज ही हिलमन शिवेपल्याड गेली पायजे. तिठ्यावर सोड, तार काढ आणि चालू लाग. आरसा काढून ठेव गाडीचा. मागं बघायचं नाही म्हणजे आरशातबी नाही."

"तार काढली की ती जाते आई! तू बघितलंयस."

"घरात काढली म्हणून. दुखणं गाडीत बसलंय. शीव ओलांडल्यावर त्याचा हिचा संबंध तुटतो."

शशिकांतनं आईकडं बघितलं. कितीतरी दिवस पोटात ठेवलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "आणि गाडीत त्रिवेणी बसली असेल तर? घरात राहिलंय तेच दुखणं असेल तर?"

आत स्वयंपाकघरात पुरण वाटायचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला, आणि दोघंही तो चालू व्हायची वाट बघत उभे राहिले. या वेळी फार वेळ लागला.

५

शौकिनाला त्यानं फोन केला, गाडी मेडचल रस्त्याच्या तिठ्यावर सोडतो, सकाळी तुमची माणसं पाठवा. त्या भल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दसऱ्याच्या दिवशी माळ घातलेल्या गाडीकडंही कुणी वळून बघत नाही. रस्ताभर माळा घातलेल्या रिक्षा, लॉऱ्या, सायकली. सिकंदराबाद मागं पडलं, मग छावणीच्या भिंती, मग मोकळी माळरानं. आरसा काढून त्यानं घरीच ठेवला होता. मागच्या सीटवर काही नव्हतं. निघताना त्यानं नीट बघितलं होतं.

तरी गाडी भरलेली होती. रोज माणसं वाहणाऱ्याला ते कळतं. रिकामी हिलमन खड्ड्यात उडायची, आज मागची बाजू दबून चालत होती. आणि वास येत होता, तापाच्या खोलीतला, घामाचा आणि निलगिरीच्या तेलाचा. शशिकांतनं काच खाली केली. वारा भणाणून आत आला. वास गेला नाही.

तिठ्यावर पोचला तेव्हा सूर्य बुडाला होता. कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ, दोन पंक्चरची दुकानं, एक चहाची टपरी. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. छताचा दिवा आपोआप लागला. बाहेर अंधारत होतं, त्यामुळं समोरच्या काचेत आतलं सगळं दिसायला लागलं. आरसा काढला, पण समोरच्या काचेचं त्याच्या आईला सुचलं नव्हतं आणि त्यालाही.

काचेत त्याचा स्वतःचा चेहरा होता. त्याच्या खांद्यामागं एक कपाळ होतं, त्यावर चिकटलेले ओले केस, आणि गळ्यापर्यंत ओढलेली ती हिरवी चादर, त्रिवेणीनं तापात पांघरलेली. चेहरा पुढं यायला लागला. त्यानं डोळे मिटले आणि दार ढकलून बाहेर पडला.

आता काय करू? परत नेऊ? परत नेली तर उद्या बॅटरी तासभरही टिकणार नाही, मग मिनिटभर, मग त्रिवेणी कढईसमोर उभी ती उभीच. आणि इथं तार काढली तर? दोन्हीकडून तीच. देवा, मला एवढं सांग की घरी कोण आहे आणि इथं कोण आहे. लॉऱ्या हॉर्न वाजवत जात होत्या. त्यानं बॉनेट उघडलं. पाना दोनदा मातीत पडला. "त्रिवेणी," तो म्हणाला, "त्रिवेणी, माफ कर," आणि ते नेमकं कुठल्या त्रिवेणीला, ते त्यालाही कळलं नाही. त्यानं वायर उपटून काढली.

छताचा दिवा गेला. तो चालू लागला. मागं न बघता रस्ता ओलांडला, बूथमध्ये शिरला, घरचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली.

"हॅलो?"

त्रिवेणीचा आवाज. खणखणीत, भराभर. "अहो, कुठं हाव? ताट करून बसलेय मी, पुरण गार व्हायलंय. लौकर या. हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," शशिकांत हुंदका देत म्हणाला. "येतंय गं."

एका कानाला रिसीव्हर होता. दुसऱ्या कानाला, रस्त्यापलीकडून, लॉऱ्यांच्या मधल्या शांततेत, काचेवर बांगड्या वाजल्या. टिक टिक.

त्यानं रिसीव्हर घट्ट धरला. त्रिवेणी फोनवर आपट्याच्या पानांचं काहीतरी सांगत होती.

टिक टिक. थोडं थांबून, पुन्हा टिक टिक. कंटाळून वाजवाव्यात तशा, बराच वेळ वाट बघितल्यावर ती वाजवायची तशा.

त्यानं मागं बघितलं नाही. बूथवाल्याच्या हातावर मुठीत आली ती नोट ठेवली, पहिल्या दिसलेल्या ऑटोत बसला आणि डोकं गुडघ्यांत घालून शहराच्या दिव्यांपर्यंत तसाच राहिला.

६

दारात त्रिवेणीनं त्याला ओवाळलं. तिचा हात स्थिर होता, गालांवर रंग होता. त्या दिवसापासून ती थांबली नाही. काम उरकून आणखी काम शोधायची. वजन भरलं, वेणी जाड झाली, डॉक्टरही चकित झाले. दिवाळीआधी तिनं दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि घरभर त्यांचा किणकिणाट चालू असायचा. शशिकांत देवाचे आभार मानायचा. रोज सकाळी, जरा घाईनं मानायचा.

धनत्रयोदशीला तिघं बेगम बाजारला निघाले. नव्या मारुतीत त्रिवेणी पहिल्यांदाच बसत होती. आधी गणपतीची गडबड, मग दुखणं, मग हे सगळं, बसणं झालंच नव्हतं. मालनबाई पुढं बसल्या. त्रिवेणी मागं बसली, पदर सावरला. बांगड्या किणकिणल्या. दार लागलं.

शशिकांतनं किल्ली फिरवली. इंजिन एका फटक्यात चालू झालं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून त्या खुणेसाठी थांबला.

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी फटाका लावला. स्टेशनातून गाडी सुटल्याची शिट्टी आली. मालनबाईंनी मांडीवरची पिशवी हळूहळू मुठीत गोळा केली. आई आणि मुलगा, दोघंही समोरच्या काचेकडं बघत बसून होते.

"काय झालं ओ?" मागून त्रिवेणीनं विचारलं, हसऱ्या, मोकळ्या आवाजात. "निघा की. कशाची वाट बघायलाव?"

शशिकांतनं आरशाकडं न बघता क्लच दाबला. मालनबाईंनीही मागं वळून पाहिलं नाही.